वाघाइतकंच संरक्षण असलेला मासा. जाळं कापून सोडला तर भरपाई

हिंगोली : आपल्या आठवडी बाजारातले बोंबील येतात अरबी समुद्रातून. जगातला सर्वात मोठा मासा, व्हेल शार्क, त्याच समुद्रात फिरतो. अंगानं एसटी बसएवढा. पण तोंड उघडं ठेवून पाणी गाळतो अन् त्यातले बारीक जीव खातो. माणसाच्या वाटेला जात नाही. मादी वयात यायलाच वीस-पंचवीस वर्षं लागतात, त्यामुळे मेलेल्यांची भर लवकर निघत नाही. २००१ पासून त्याला कायद्यानं वाघाइतकंच संरक्षण आहे. तरी जाळ्यात अडकतोच. जाळं कापायचं तर भुर्दंड मच्छीमाराला! म्हणून राज्यात डिसेंबर २०१८ पासून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. सुटकेचे फोटो मात्र द्यावे लागतात.