दलदलीतलं कॅथीड्रल

पूर्व इंग्लंडच्या सफक परगण्यात, ब्लाय नदीच्या खाडीकाठी ब्लायबरा नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम तीनशेची. पण ए-१२ महामार्गावरून येताना आधी दिसतं ते लव्हाळ्यांच्या रानावर उभं असलेलं प्रचंड होली ट्रिनिटी चर्च. ‘दलदलीतलं कॅथीड्रल’ ही त्याची लोकांनी दिलेली ओळख; प्रत्यक्षात हे साधं गावचर्चच.

एवढ्याशा गावाला एवढं चर्च कशाला? कारण मध्ययुगात हे गजबजलेलं बंदर होतं. हातात पैसा खुळखुळत होता, तेव्हा जुना मनोरा तेवढा ठेवून पंधराव्या शतकात हे चर्च बांधलं गेलं. पुढे जहाजं मोठी झाली, नदीत गाळ साचला, आठव्या हेन्रीच्या काळात इथला मठही बंद झाला आणि गावाची रयाच गेली.

आत शिरताच डोळ्यांत भरतो तो उजेड. मधल्या दालनाच्या माथ्याशी दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खिडक्या आहेत. छताच्या तुळयांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत. त्यांचे मूळ रंग विटलेत, पण पुसले गेलेले नाहीत. मान दुखली की बाकांकडे वळावं. त्यांच्या टोकांवर सुतारांनी माणसाचे दुर्गुण कोरलेत: आळशी अंथरुणातच बसलाय, खादाडाने सुटलेलं पोट दोन्ही हातांनी धरलंय, कंजूष पैशांच्या पेटीवर ठाण मांडून आहे, तर चुगलखोराची जीभ बाहेर लोंबतेय. देवदूतांपेक्षा ही मंडळी मला जास्त ओळखीची वाटली.

४ ऑगस्ट १५७७ रोजी प्रार्थना चालू असताना इथे वादळ कोसळलं. मनोऱ्याचा कळस छत फोडून आत आला, एक माणूस आणि एक मुलगा दगावले. लोक म्हणतात, तो ‘ब्लॅक शक’ नावाचा सैतानी काळा कुत्रा होता. उत्तरेकडच्या दारावरचे जळके डाग त्याच्या नखांचे म्हणून आजही दाखवले जातात.

दुसरी कथा देवदूतांच्या अंगावरच्या छऱ्यांची. मूर्तिभंजक विल्यम डाउसिंग एप्रिल १६४४ मध्ये इथे आला होता, त्याने देवदूत उतरवण्याचा हुकूमही दिला होता. तेव्हा गोळ्या त्याच्याच माणसांनी झाडल्या, असं बरीच वर्षं मानलं गेलं. पण दुरुस्तीत सापडलेले छरे अठराव्या शतकातले निघाले, आणि त्या काळच्या चर्चच्या हिशेबात दारूगोळ्याचा खर्च आहे तो छतात घरटी करणारे जॅकडॉ, म्हणजे कावळ्यांचेच भाऊबंद, मारण्यासाठी!

खरा घाला घातला तो दारिद्र्याने. १८८१ मध्ये चर्च धोकादायक ठरवून बंद करावं लागलं. दुरुस्ती कशी करावी यावर विल्यम मॉरिस आणि त्यांच्या वास्तुरक्षक संस्थेने बराच वाद घातला. १८८४ मध्ये दारं पुन्हा उघडली. माझ्या मते गावाची गरिबी वास्तूच्या पथ्यावरच पडली. श्रीमंत गावांतली चर्चं त्या काळात घासूनपुसून कोरी करकरीत झाली. इथे तेवढी ऐपतच नव्हती.

जवळचं स्टेशन डार्शम. लंडनहून येताना इप्सविचला गाडी बदलायची आणि डार्शमहून टॅक्सी करायची. छत फार उंच आहे, तेव्हा दुर्बीण जवळ ठेवा.