दोघी एका खोलीत

इंझोरीचा नकाशा घ्या. शाळेवर कंपासचं टोक टेकवून दोनशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. आत सुमारे एकतीस एकर जागा येते. मग मंदिराभोवती तसंच एक, दवाखान्याभोवती आणखी एक. मानोरा तालुक्यातलं हे गाव दोनचार वर्तुळांतच जवळजवळ झाकलं जाईल. हा खेळ महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावावर खेळता येतो. नियम संसदेनं ठरवून दिलेत. ज्याला पोलीस आणि वकील नुसतं ‘पीटा’ म्हणतात, त्या 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याच्या सातव्या कलमानुसार प्रार्थनास्थळ, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांपासून दोनशे मीटरच्या आतल्या जागेत वेश्याव्यवसाय चालवणं गुन्हा आहे.

आणि वर्तुळाबाहेर? इथे पहिला धक्का बसतो. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं, एकटीनं, स्वतःच्या खोलीत पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हा या देशात गुन्हाच नाही. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी मालाडच्या धाडीत सापडलेल्या तीन तरुणींना सुधारगृहातून सोडलं, तेव्हा हेच स्पष्ट केलं. वेश्याव्यवसाय हाच गुन्हा ठरवणारी तरतूद कायद्यात नाही, आणि सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येत नाही. कायदा तेव्हा चौसष्ट वर्षांचा झाला होता.

मग बंदी आहे कशावर? ‘कुंटणखाना’ म्हणजे काय, ते कायद्याच्या दुसऱ्या कलमात सांगितलंय, आणि मी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचतो. दुसऱ्या कुणाच्या फायद्यासाठी जिथे शोषण चालतं ती जागा कुंटणखाना, हे पटण्यासारखं आहे. पण पुढे येतं की दोन किंवा अधिक वेश्यांच्या परस्पर फायद्यासाठी वापरलेली जागासुद्धा कुंटणखानाच. ना मालकीण, ना दलाल. दोघी मैत्रिणींनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली, एकीचं गिऱ्हाईक आत असताना दुसरी दाराबाहेर कान देऊन बसली, की त्या खोलीचा कुंटणखाना झाला. ती चालवल्याबद्दल पहिल्याच वेळी किमान एक वर्ष सक्तमजुरी. दारू पिऊन आलेल्या, पैसे बुडवणाऱ्या, अंगावर धावून येणाऱ्या माणसापासून वाचायचा जगातला सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस असणं. कायदा नेमका त्यालाच धरतो.

चौथं कलम आणखी पुढे जातं. वेश्येच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरचा कोणीही गुन्हेगार. रोख दलालांवर होता हे उघड आहे. पण कलमात ‘कोणीही’ आहे, त्यामुळे आईच्या पैशावर कॉलेज शिकणारा मुलगाही एकोणिसावं लागलं की शब्दशः त्यात बसतो.

हे कोणी दुष्टपणे रचलेलं नाही. भारतानं 1950 मध्ये न्यूयॉर्क इथल्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, आणि त्यातूनच हा कायदा आला. मुलींची खरेदी-विक्री थांबवायची, हा त्यामागचा प्रामाणिक हेतू होता, आणि ती खरेदी-विक्री आजही खरी आहे. फक्त विकली गेलेली मुलगी आणि धंदा करणारी बाई यांच्यासाठी एकच जाळं विणलं गेलं.

आपल्या पुढाऱ्यांनी या बायांकडे कसं पाहिलं, तेही विलक्षण आहे. डॉ. आंबेडकर 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या बायांशी थेट बोलले. हे जिणं सोडा, असं त्यांनी सुनावलं. मत कठोर होतं, पण समोरासमोर मांडलेलं. त्यानंतरचं बरंचसं राजकारण या बायांच्या पाठीमागेच झालं. 2006 मध्ये केंद्रात रेणुका चौधरींच्या महिला व बालविकास खात्यानं पीटाच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. बाईला रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावण्याच्या गुन्ह्यातून सोडायचं आणि कुंटणखान्यात येणाऱ्या गिऱ्हाइकाला पकडायचं, असा बेत होता. खुद्द सरकारातच एकमत होईना. गिऱ्हाईक लपलं की बाईही लपणार आणि एड्सविरोधी काम तिच्यापर्यंत पोचणार नाही, हा आरोग्याच्या बाजूचा आक्षेप. लोकसभा विसर्जित झाली, विधेयक संपलं.

विदर्भातली दोन चित्रं तर वर्षभराच्या अंतरातली. 2020 च्या अखेरीस, कोविडनं धंदा बसल्यावर, राज्य सरकारनं या बायांना महिना पाच हजार रुपये द्यायचं ठरवलं. तेव्हा महिला व बालविकास मंत्री होत्या तिवशाच्या यशोमती ठाकूर. ऑगस्ट 2021 मध्ये नागपूर पोलिसांनी गंगा-जमुना या वेश्यावस्तीच्या गल्ल्यांची तोंडं बंद केली, आणि विदर्भवादी नेते जांबुवंतराव धोटे यांच्या कन्या ज्वाला धोटे बायांच्या बाजूनं रस्त्यावर उतरल्या. म्हणजे मदत देताना बाई सरकारला कष्टकरी दिसली आणि धाडीच्या वेळी उपद्रव.

सांगलीत मात्र प्रश्न उलट्या टोकानं सुटू लागला होता. मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, आणि ती चालवायला बसल्या धंदा करणाऱ्या बायाच. निरोध वाटणं, आजारी बाईला दवाखान्यात नेणं, पोलीस ठाण्यात सोबत जाणं. यात सगळीकडे दिसते ती सोबत, म्हणजे कायद्यानं खोलीत नाकारलेलीच गोष्ट.

जगात दुसरीकडे याचं काय केलं? स्वीडननं 1999 पासून विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं, विकणारीला सोडलं. न्यूझीलंडनं 2003 मध्ये हा धंदाच गुन्ह्यांच्या यादीतून काढला. टिम बार्नेट यांनी मांडलेला तो कायदा 60 विरुद्ध 59 मतांनी तरला. चार जणींपर्यंत एकत्र, बरोबरीनं काम करत असतील तर तिथे चालकाचा परवानासुद्धा लागत नाही. दोघींची ती खोली तिथे कायद्यात बसते. स्वीडनचा रस्ता बरोबर की न्यूझीलंडचा, यावर स्त्रीवादी संघटनांतही कडाक्याचे वाद आहेत. पण बाईला दुसऱ्या बाईपासून तोडायचं कारण मला कुठल्याच बाजूच्या युक्तिवादात सापडलं नाही.

आपल्याकडे 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात आपल्या समितीच्या दहापैकी सहा शिफारशी लागू केल्या. अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या बाईला सगळी मदत मिळाली पाहिजे, पोलिसांनी सन्मानानं वागवलं पाहिजे, आणि तिच्याकडचा निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानायचा नाही. उरलेल्या चारांवर केंद्र सरकारनं आक्षेप घेतला. त्यातली एक होती, कुंटणखान्यावर धाड पडली तर स्वखुशीनं काम करणाऱ्या बाईला अटक करू नये, ही. दुसऱ्या कलमातली ‘परस्पर फायद्यासाठी’ ही अक्षरं मात्र जागच्या जागी आहेत. ती काढायची तर संसदेतच काढावी लागतील.