कोण कोणाचा हवाला देतो?

गिरगावात आंग्रेवाडीत राहणारे पांडुरंग वामन काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत; काही वर्षं त्यांनी गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात कायदाही शिकवला. ‘व्यवहारमयूख’ हा हिंदू कायद्याचा जुना ग्रंथ संपादताना धर्मशास्त्राचा थोडका इतिहास प्रस्तावनेत द्यावा, एवढाच त्यांचा बेत होता. पण मजकूर वाढत गेला आणि १९३० ते १९६२ या काळात त्याचे पाच खंड झाले. साडेसहा हजारांवर पानं!

पानांहून थक्क करते ती रीत. जुने ग्रंथकार सहसा सन-शक लिहीत नसत. मग त्यांचा काळ ठरवायचा कसा? देवण्णभट्टाची ‘स्मृतिचंद्रिका’ घ्या. तिच्यात ‘मिताक्षरा’ या कायद्याच्या ग्रंथाचा कर्ता विज्ञानेश्वर याचा आधार घेतलेला आहे, म्हणजे ती त्याच्यानंतरची. हा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या पदरचा. इकडे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, स्मृतिचंद्रिकेचा हवाला देतो. म्हणजे ती त्याच्या आधीची. दोन्हीकडून कोंडी झाली की मधे साधारण इसवी १२०० उरतं. अशा कड्या काण्यांनी शेकड्यांनी जुळवल्या, त्याही हाताने. हा नुसता पंडितांचा छंद नव्हता. मुंबई बेटावर, गुजरातेत आणि उत्तर कोकणात व्यवहारमयूखाचा शब्द मिताक्षरेच्या वरचा मानला जाई. घर कोणाच्या वाट्याला जाणार, हे त्यावर ठरे.

कायदा आणि डेटा सायन्स एकत्र शिकवणारे आजचे प्राध्यापक हीच रीत संगणकावर चालवतात. प्रत्येक निकाल म्हणजे एक बिंदू, त्यातला प्रत्येक हवाला म्हणजे मागे जाणारा बाण. जेम्स फाउलर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २६,६८१ निकालांचं असं जाळं मांडलं. वजनदार निकाल ज्याचा आधार घेतात तो निकालही वजनदार, हे त्यातलं सूत्र. गूगलने वेबपानांची प्रतवारी याच तर्काने सुरू केली होती. आपल्याकडे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी सुमारे ५४ लाख भारतीय न्यायालयीन कागदपत्रांवर ‘इनलीगलबर्ट’ हे भाषा-मॉडेल घडवलं.

मजकूर रचणाऱ्या मॉडेलची मात्र एक खोड आहे. पुढे कोणता शब्द शोभेल याचा ते अंदाज बांधतं, त्यामुळे पक्षकारांची नावं, साल, खंड, पान सगळं अस्सल वाटेल असं जुळवून देतं. फक्त निकालच अस्तित्वात नसतो. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आयकर आकारणीचं एक प्रकरण आलं. आकारणीच्या आदेशात आधाराला घेतलेले तीन निकाल कुठेच सापडेनात. जाळ्यात शोधले असते तर पहिल्याच फटक्यात कळलं असतं. खऱ्या निकालाला पत्ता असतो, आणि त्याच्यातून मागे जाणारे बाणही असतात. एआयच्या काळात यंत्राने पुढे केलेलं पडताळल्याशिवाय वापरू नका, असं बजावून न्यायालयाने ती आकारणी रद्द केली आणि प्रकरण नव्याने तपासायला परत पाठवलं.