गाडीला कळणारा रस्ता



मानोऱ्याकडे वर्षानुवर्षे गाडी नेणारा चालक डोळे मिटून सांगेल की, अमक्या मोरीपलीकडे डावे चाक दबते. हे ज्ञान त्याच्या मनगटात असते; तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जाते. ते गाडीनेच टिपावे व मागून येणाऱ्या गाड्यांना आणि रस्त्याच्या खात्याला कळवावे, असे प्रयोग जगात झाले आहेत.

आपल्या खिशातील मोबाइलमध्ये एक सूक्ष्म वजन सूक्ष्म कमानींवर तोललेले असते. ट्रकच्या पाट्यांचे ते धाकटे भावंडच म्हणा ना! गाडी आदळली की ते हलते, त्या हालण्याचा आकडा होतो, आणि उपग्रहांवरून ठिकाण समजते. परंतु एका गाडीचा धक्का म्हणजे पुरावा नव्हे. कोणी दार आपटले तरी आकडा उसळतो. गतिरोधकावर किंवा रेल्वे फाटकात दोन्ही बाजूंची चाके एकदम उचलतात, खड्ड्यात बहुधा एकच बाजू जाते. वेगही जमेस धरावा लागतो. अशा अनेक गाड्यांची साक्ष एका जागी जुळली, तरच तेथे खड्डा मानावयाचा. २००८ साली अमेरिकेतील एम्.आय्.टी.च्या संशोधकांनी बॉस्टन भागात ७ टॅक्स्यांवर हे करून दाखविले. त्याच वर्षी बंगळूरात मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मोबाइलवरून धक्क्यांबरोबर भोंग्यांचे आवाजही मोजले. आपल्या देशात भोंगा वगळून रहदारी कशी समजणार?

पुढे २०१२ च्या सुमारास बॉस्टनच्या नगरपालिकेने नागरिकांच्याच मोबाइलवरून खड्डे टिपण्याची योजना काढली, तेव्हा एक अडचण दिसली. ज्या वस्तीत महाग मोबाइल व मोटारी अधिक, तेथलेच खड्डे अधिक दिसणार! म्हणून ती सोय प्रथम सर्व भागांत फिरणाऱ्या पालिकेच्या नोकरांच्या हाती दिली गेली. आपल्या जिल्ह्याचे असेच होईल. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाला साक्षीदारांचा तोटा नाही. पावसाने फुगणाऱ्या आणि उन्हाने भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीवरील खेड्याच्या वाटेला साक्षीदार कोण? तुरळक येणारी एस्.टी. आणि दुधाची मोटारसायकल.

याहून खोल पेच निराळाच आहे. वाकबगार चालक खड्डा चुकवितो. यंत्राला धक्का बसत नाही, आणि नोंद होते की रस्ता उत्तम आहे! रस्ता जाणणारी माणसे जितकी जास्त, तितका तो कागदावर चांगला. उपाय इतकाच की, एकाच जागी गाड्या वारंवार वळतात किंवा ब्रेक लावतात, हेही मोजावे.

नागपुरात २०२१ साली आय्-रास्ते नावाची योजना सुरू झाली. महापालिकेच्या बसगाड्यांच्या पुढील काचेवर कॅमेरा बसवून चालकाला पुढील धोक्याचा इशारा द्यावयाचा, आणि असे इशारे कोठे वारंवार मिळतात, तेही पाहावयाचे. पुष्कळ अपघात होऊन गेल्यावर ठरते ती काळी जागा. त्याआधीच ओळखावयाची ती करडी जागा. मला ही कल्पना फार पटली. मात्र चालक पहिला प्रश्न हाच करतो की, ही नोंद कोणाच्या टेबलावर जाणार? त्याला कारण आहे. एका मालकाने पाटा तुटल्याबद्दल आमच्या एका चालकाचा पगार कापला होता. खड्डा सर्वांना ठाऊक होता. पण कागदावर नव्हता. तशी नोंद तेव्हा असती, तर ती त्याच्या बाजूने बोलली असती. म्हणून नोंदीची एक प्रत चालकाला मिळावी, आणि फेरी संपल्यावर त्याने चुकविलेले खड्डेही त्याला विचारून लिहून घ्यावेत. गाडीच्या रोजच्या कागदावर डिझेलला रकाना असतो; रस्त्याला एक देण्यास फारशी शाई लागणार नाही.