ग्रंथप्रामाण्य आणि ख्रिस्ती पंथांतील मतभेद

ख्रिस्ती धर्म म्हणजे एक देव, एक ग्रंथ आणि एक मत, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. बायबल सर्व प्रमुख ख्रिस्ती पंथांना पूज्य आहे, हे खरे. परंतु बायबलमध्ये कोणते ग्रंथ समाविष्ट होतात आणि त्यांचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या दोन मूलभूत प्रश्नांवर त्यांच्यात एकमत नाही. सोळाव्या शतकात युरोपात झालेल्या वादाच्या आधारे हे मतभेद आपण समजून घेऊ.

१५१९ साली जर्मनीतील लाइपझिग येथे झालेल्या जाहीर वादात मार्टिन ल्यूथर यांनी धर्मपरिषदाही चुकू शकतात, असे प्रतिपादन केले. मृतांच्या आत्म्यांची शुद्धी जेथे होते, त्या ‘परगेटरी’च्या समर्थनार्थ प्रतिपक्षाने मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा आधार घेतला. तेव्हा हा ग्रंथ प्रमाण धर्मशास्त्रात मोडत नाही, असे उत्तर ल्यूथर यांनी दिले. येथे वाद अर्थाचा न राहता ग्रंथांच्या यादीचाच झाला.

यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात नसलेले, परंतु ग्रीक भाषांतरातून चर्चमध्ये रूढ झालेले ग्रंथ ल्यूथर यांनी १५३४च्या आपल्या जर्मन बायबलमध्ये वेगळे काढले. वाचनास उपयुक्त, परंतु धर्मशास्त्राच्या तोडीचे नव्हेत, असा त्यांचा निर्णय होता. उलट ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली आपली यादी जाहीर करून असे ग्रंथही प्रमाण ठरविले. म्हणूनच आज कॅथलिक बायबलमध्ये ७३ ग्रंथ आहेत, तर प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६.

ग्रंथ मान्य असला तरी प्रश्न सुटत नाही. मनुष्याचे तारण केवळ श्रद्धेने होते, हा ल्यूथर यांचा मुख्य सिद्धान्त होता. याकोबाचे पत्र मात्र कर्मावाचून असलेली श्रद्धा व्यर्थ मानते. ल्यूथर यांनी १५२२ साली या पत्राला पेंढ्याची उपमा दिली, तरी ते बायबलमधून वगळले नाही.

पुढे १५२९ साली मारबुर्ग येथे ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचे सुधारक झ्विंग्ली एकत्र आले. दोघेही केवळ बायबलच प्रमाण मानणारे. पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचे एकमत झाले; प्रभुभोजनाच्या कलमावर मात्र बोलणी फिसकटली. ख्रिस्ताने भाकरीला आपले शरीर म्हटले, त्या वाक्यातील ‘आहे’ हा शब्द ल्यूथर अक्षरशः घेत. झ्विंग्ली त्याचा अर्थ ‘दर्शविते’ असा करीत. पोपची सत्ता नाकारली, तरी अर्थनिर्णयाचा प्रश्न शिल्लकच राहिला.

रोमन चर्चने त्याचे उत्तर अधिकारात शोधले. श्रद्धा आणि नीती यांविषयी पोपने आपल्या पदाच्या अधिकाराने दिलेला अंतिम निर्णय अचूक असतो, असे १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने घोषित केले. ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट चर्चना हे मान्य नाही.

दुरावा कमी करण्याचे प्रयत्नही झाले. १९९९ साली ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक लुथेरन महासंघ यांनी तारणविषयक संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. परंतु पोपचा अधिकार आणि ग्रंथांची यादी हे प्रश्न त्यामुळे मिटले नाहीत.

म्हणून ‘बायबल असे सांगते’ हे विधान कानी पडले, तर अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते: कोणते बायबल, आणि अर्थ कोणी लावलेला?