ईईजीचा कागद काय सांगतो?

वर्गात बसलेला मुलगा मध्येच पाच-दहा सेकंद शून्यात बघत राहतो, पापण्या फडफडतात आणि लगेच पुन्हा लिहू लागतो. दिवसातून कितीतरी वेळा. बाईंची तक्रार येते, घरी अम्मी रागावते. हा दुर्लक्षपणा नसून फिट असू शकते, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते. फिट म्हणजे जमिनीवर कोसळणे, तोंडाला फेस आणि हातपाय आखडणे, एवढेच आपण धरून चाललो आहोत.

परळचे केईएम रुग्णालय 1926 पासून सुरू आहे. मुंबईतूनच नव्हे, कोकणातूनही अशा रुग्णांना घेऊन नातेवाईक तिथे येतात. त्याआधी अनेकांची वर्षे तावीज आणि उताऱ्यांत गेलेली असतात. आश्चर्य असे की अपस्मार हा मेंदूचा आजार म्हणून इब्न सिनाने हजार वर्षांपूर्वीच आपल्या वैद्यकग्रंथात मांडला आहे, आणि आपण अजून कांदा आणि चप्पल हुंगवतो!

डॉक्टर ईईजी सांगतात तेव्हा घरची बायामाणसे घाबरतात, कारण 'शॉक देणार' असा समज असतो. मशीन वीज देत नाही. मेंदूच्या पेशींत सतत चालणारी अगदी क्षीण वीज नुसती टिपते. 1924 साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली. आज डोक्यावर वीसेक तारा चिकटवतात आणि अर्धा तास आलेख घेतात.

वर सांगितलेल्या मुलाला तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावला, की बहुधा तिथेच तो थबकतो आणि पडद्यावर एक अणकुचीदार टोक, मागे एक गोल लाट, अशी जोडी सेकंदाला तीनदा उमटू लागते. हा नमुना ओळखायला सोपा. काहींत मात्र कानशिलाजवळच्या एक-दोन तारांतच टोके दिसतात. असा रुग्ण फिटमध्ये ओठ चाटतो, बटणांशी चाळा करतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही. तिसरा प्रकार वयात येणाऱ्या मुलामुलींचा. सकाळी उठल्यावर हात झटकतो, चहाचा कप उडतो. जागरण झाले की हमखास.

फिट येणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो, म्हणून 'रिपोर्ट साफ आहे' म्हणत गोळ्या बंद करू नयेत. निदान मुख्यतः हकिकतीवरूनच होते. तेव्हा फिट येताच रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, घड्याळ बघा आणि एकाने मोबाइलवर चित्रण करा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा.

रमजानात सहरीचे जागरण आणि चुकलेली गोळी, दोन्ही फिटला आमंत्रण. चांद दिसण्याआधीच डॉक्टरांना भेटून वेळा ठरवाव्यात. त्यांनी रोजा नको म्हटले, तर आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे.

मुलींच्या बाबतीत मात्र खरी अडचण लग्नाची. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतून अपस्माराची आडकाठी 1999 साली काढली गेली. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने त्यासाठी लढा दिला होता. मुस्लिम विवाहविच्छेदाच्या 1939 च्या कायद्यात तर या आजाराचा उल्लेखही नाही. तरी लपवालपवी आपल्याकडे तितकीच. सासरी कळू नये म्हणून नवी नवरी गोळी टाळते आणि पहिल्याच महिन्यात फिट येते. निकाहाआधी सांगितलेले बरे. काही गोळ्या गर्भाला बाधतात, म्हणून मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून त्या बदलून घ्याव्यात. स्वतःच्या मनाने सोडू नयेत.

तपासणीच्या आदल्या रात्री केस धुवावेत, तेल लावू नये. ओढणी काढावी लागते. स्त्री तंत्रज्ञ असावी असे वाटत असेल तर तारीख घेतानाच विचारावे. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थांबवू नयेत, आणि फिट पाहिलेल्या माणसाला सोबत न्यावे.