विषाणू नाकात, कणकण अंगात

फ्लूचा विषाणू राहतो कुठे? नाकात, घशात, श्वासनळीत, आणि फारच मजल मारली तर फुप्फुसात. एरवी त्यापलीकडे तो जात नाही. मग फ्लू झाला की पाठ का धरते? डोळे का ठणकतात? कंबर, मांड्या, मनगटं... ज्यांचा नाकाशी काडीचा संबंध नाही, तेही एकदम कुरकुरायला लागतात. आजी कपाळाला हात लावून म्हणते, "कणकण आहे गं, अंग मोडून आलं असेल." पण अंग मोडलं कुणी? विषाणू तर तिथे फिरकलासुद्धा नाही!

याचं उत्तर थोडं पुढे आहे. आधी या विषाणूला नीट बघून घेऊ.

कंपासपेटीतली पट्टी काढा. मिलिमीटरच्या दोन रेघांमधली इवलीशी जागा दिसते ना? तेवढ्यात फ्लूचे साधारण १०,००० विषाणू एका रांगेत बसतील. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसणारच नाही. त्याला पोट नाही, तोंड नाही, पाय नाहीत. तो खात नाही, वाढत नाही, स्वतःहून हलतही नाही. आत आठ तुकडे, बाहेर एक पातळ आवरण, संपलं. ते आठ तुकडे आरएनए नावाच्या रसायनाचे असतात आणि 'माझ्यासारखे आणखी कसे बनवायचे' याच्या सूचना त्यांत असतात. सगळ्या मिळून जेमतेम साडेतेरा हजार अक्षरं. तुमच्या-माझ्या शरीराच्या सूचना सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या आहेत. म्हणजे आपल्यापुढे तो अगदीच अल्पाक्षरी, आणि तरी आपल्याला आठवडाभर झोपवतो.

तो आहे हे कळलं कसं, याची गोष्ट मला फार आवडते. १८९२ साली रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञांना फ्लूच्या रुग्णांच्या कफात एक जिवाणू सापडला. हाच तो, असं त्यांनी जाहीर केलं आणि पुढची बरीच वर्षं पुष्कळ जणांना ते पटलेलंही होतं. मग १९३३ साली लंडनजवळच्या मिल हिल इथल्या प्रयोगशाळेत विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी फ्लूच्या रुग्णांना गुळण्या करायला लावल्या. ते पाणी त्यांनी इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की त्यातून जिवाणू पार होणं शक्यच नव्हतं. मग त्याचे थेंब सोडले फेरेटच्या नाकात. फेरेट म्हणजे लांबट अंगाचा, आखूड पायांचा, मुंगसाएवढा प्राणी. दोन दिवस काही नाही. मग फेरेटला ताप आला, नाक वाहू लागलं आणि तो शिंकायला लागला. म्हणजे जिवाणू गाळून टाकले तरी आजार पाण्यात शिल्लक होता. फ्लू देणारं जे काही होतं, ते जिवाणूपेक्षा पुष्कळ लहान होतं.

आणि तीन वर्षांनी गंमत झाली. तिथेच काम करणाऱ्या चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस या तरुण डॉक्टरांच्या तोंडावर एक आजारी फेरेट सणसणीत शिंकला. दोन दिवसांच्या आत डॉक्टर फ्लूने अंथरुणात! माणसाकडून फेरेटला आणि फेरेटकडून माणसाला, दोन्ही बाजूंनी पुरावा मिळाला. असा पुरावा मुद्दाम कुणी मागितला नसता.

आता विषाणूच्या अंगावर काय आहे ते बघू. त्याच्या आवरणावर दोन प्रकारचे खुंट असतात. तीन-चारशे खुंट हिमॅग्लुटिनिनचे, म्हणजे 'एच'. त्या मानाने थोडे खुंट न्यूरामिनिडेजचे, म्हणजे 'एन'. बातम्यांत एच१एन१, एच५एन१ अशी नावं येतात ती यांच्यावरूनच. एचचे निदान अठरा आणि एनचे अकरा प्रकार माहीत आहेत. त्यांतले बहुतेक पाणपक्ष्यांतल्या विषाणूंवर सापडतात आणि दोन-दोन प्रकार वटवाघळांत.

एचचं काम चिकटायचं. पावसाळ्यानंतर माळावरून चालून आलात की आघाड्याच्या बिया पायजम्याला लागलेल्या असतात. त्या कशाही अडकतात, एच मात्र चोखंदळ आहे. आपल्या पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सायलिक आम्ल नावाचा एक रेणू असतो. एचला फक्त तोच हवा. इथे शेंबूडही आपल्या कामी येतो बरं का! त्यातही सायलिक आम्ल भरपूर असतं, त्यामुळे कितीतरी विषाणू पेशीपर्यंत पोचायच्या आधी शेंबडातच अडकून राहतात. शेंबडाला आपण उगाच नावं ठेवतो.

जो पोचतो, त्याला पेशी स्वतःच आत घेते. बाहेरचे कितीतरी उपयोगी कण ती रोज असेच छोट्या पिशवीत गुंडाळून आत ओढते, तसाच हाही जातो. मग ती नेहमीप्रमाणे पिशवीत आम्ल सोडते. इथे घात होतो, कारण विषाणू नेमकी आम्लाचीच वाट बघत असतो. आम्ल लागताच एच आपला आकार पार बदलतो, त्याच्या आत दडलेलं टोक बाहेर येऊन पिशवीच्या भिंतीत रुततं आणि विषाणूचं आवरण नि ती भिंत एकजीव होतात. आतले आठ तुकडे सुटे होऊन पेशीच्या केंद्रकाकडे निघतात.

केंद्रकात जे होतं ते वाचून मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. आपली पेशी प्रथिनं बनवण्याचे निरोप बाहेर पाठवते, तेव्हा प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर एक रासायनिक टोपी असते. टोपी नसेल तर प्रथिनं बनवणारी यंत्रणा निरोप वाचतच नाही. विषाणूजवळ स्वतःची टोपी नसते. मग तो काय करतो? पेशीचे निरोप पकडतो, दहा-बारा अक्षरांसकट त्यांची टोपी छाटतो आणि आपल्या निरोपांना लावतो. पेशीचीच टोपी पळवून पेशीलाच टोपी घातली की! बिचारी पेशी इमानेइतबारे विषाणूची प्रथिनं बनवत बसते आणि सहा-आठ तासांत तिच्या अंगावरून नवे विषाणू सुटायला लागतात.

पण सुटणार कसे? पेशीच्या अंगभर तेच सायलिक आम्ल आहे. नव्या विषाणूंचे एच त्यालाच परत चिकटणार. इथे एन कामाला येतो. तो सायलिक आम्ल कापून टाकतो आणि विषाणू मोकळे होतात. फ्लूवर डॉक्टर ऑसेल्टामिविर नावाच्या गोळ्या देतात, त्या या एनलाच जाम करतात. मग विषाणू पेशीवरच गोळा होऊन अडकून पडतात. हे औषध बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल कशातून काढत असत, ठाऊक आहे? मसाल्याच्या डब्यातल्या चक्रीफुलातून. आता लगेच स्वयंपाकघरात धावू नका. चक्रीफूल चघळून फ्लू जात नाही. त्या आम्लापासून औषधापर्यंत रसायनशास्त्राच्या बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

हे सगळं झालं नाका-घशात. आता आपल्या कणकणीकडे वळू.

१९५७ साली त्याच मिल हिलच्या संस्थेत अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्याचे तुकडे घेतले आणि उष्णतेने निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूंसोबत ठेवले. मग ते तुकडे काढून टाकले आणि उरलेल्या पाण्यात ताजे तुकडे ठेवले. या ताज्या तुकड्यांत जिवंत विषाणूची डाळ शिजेना! पहिल्या पेशींनी पाण्यात असं काहीतरी सोडलं होतं की शेजारच्या पेशी आधीच सावध झाल्या. त्या पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिलं.

आपल्या नाकातल्या पेशीही हेच करतात. विषाणू घुसला की इंटरफेरॉन आणि त्याच्यासारखे बरेच निरोप्ये रेणू बाहेर पडतात. शेजाऱ्यांना सावध करतात, पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. पण ते नाकापुरते थोडेच थांबतात? रक्तातून ते सगळीकडे जातात. मेंदूच्या तळाशी शरीराचं तापमान ठरवणारा एक छोटा भाग आहे. या रेणूंमुळे तो तापमान वाढवून घेतो. शरीर गरम करायला स्नायू थरथरतात, म्हणून हुडहुडी भरते. वेदना कळवणाऱ्या नसा हळव्या होतात, म्हणून नुसत्या चादरीचा स्पर्शही नकोसा वाटतो. भूक जाते, झोप येते. थोडक्यात, अंग मोडणारा विषाणू नव्हेच. ते आपल्याच शरीराचं काम आहे, आणि ते विषाणूविरुद्ध चाललेलं आहे.

खोकला मात्र विषाणूच्या खात्यावर. श्वासनळीच्या आतल्या पेशींवर बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि धूळ, जंतू, कफ सगळं वर घशाकडे ढकलतात. विषाणूने वापरून संपवलेल्या पेशी गळून पडल्या की हे तंतूही जातात. ताप चार दिवसांत उतरतो, पण तो थर पुन्हा उगवायला काही आठवडे लागतात. शाळेत परत गेल्यावरही मागच्या बाकावरून ठसका ऐकू येतो तो यामुळे.

त्या उघड्या पडलेल्या जागेचा फायदा जिवाणू उठवतात. फायफरना रुग्णांच्या कफात दिसला होता तो असाच, मागाहून शिरलेला. आणि हे मागाहून येणारेच कधीकधी जास्त घातक ठरतात. जून १९१८ मध्ये मुंबईत आधी पोलीस शिपाई फ्लूच्या तापाने आजारी पडू लागले, मग सगळं शहर, मग रेल्वेच्या वाटेने सगळा देश. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आलेली दुसरी लाट तर भयंकरच होती. आपल्याकडे या साथीला मानमोडी म्हणत. भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली, त्यांत धडधाकट तरुण फार. अनेकांचा जीव विषाणूमागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने घेतला, आणि तेव्हा अँटिबायोटिक औषधं नव्हती.

एकदा फ्लू झाला की शरीर त्या विषाणूला ओळखून ठेवतं. मग तो पुन्हा का होतो? कारण तो तोच राहत नाही. आपल्या अक्षरांची नक्कल करताना तो भरपूर चुका करतो आणि त्या तपासत नाही. चुकांनी एचचा आकार हळूहळू बदलतो आणि आपल्या शरीराला तो ओळखू येईनासा होतो.

त्याची दुसरी युक्ती त्या आठ तुकड्यांत आहे. समजा, दोन वेगळे फ्लू एकाच पेशीत घुसले. नव्या विषाणूत पहिला तुकडा या दोघांपैकी कुणाचाही येईल, दुसराही, तिसराही. दोन हा आकडा आठ वेळा मांडून गुणा: २५६! एका पेशीतून इतक्या तऱ्हेचे विषाणू निघू शकतात. बहुतेक कुचकामी असतात, पण एखादा जमून जातो. डुकरांच्या श्वासनळीत पक्ष्यांचे आणि माणसांचे दोन्ही फ्लू चिकटू शकतात, त्यामुळे ही अदलाबदल तिथे सहज होते. २००९ चा एच१एन१ असाच जमला होता. त्याचे सहा तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांमधल्या विषाणूचे, दोन युरोप-आशियातल्या डुकरांमधल्या विषाणूचे. आणि त्या सहांतही काही मुळात पक्ष्यांकडून आलेले, एक माणसाकडून! त्या ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा बंद होत्या आणि रस्त्यात लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. घरात विचारा, कुणाला ना कुणाला आठवत असेल. नमुने तपासायला जात ते पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणुशास्त्र संस्थेत. पुढच्या वर्षी पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस काढली. सुईला घाबरणाऱ्यांची चंगळ!

विषाणू असा सारखा बदलतो, म्हणून लसही बदलावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसून पुढच्या हंगामाच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवतात. काही वर्षं या लशीत चार विषाणू असत, दोन 'ए' जातीचे आणि दोन 'बी' जातीचे. बीमधल्या एका घराण्याचं नाव यामागाता, जपानमधल्या एका ठिकाणावरून. कोविडच्या काळात सगळे घरात बसले, मास्क लावून फिरले, आणि मार्च २०२० नंतर यामागाता फ्लू जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही. ए फ्लू रानबदकांच्या पोटात मजेत राहू शकतो. बी फ्लूचं घर म्हणजे मुख्यतः माणूसच, त्यामुळे माणसं एकमेकांना भेटेनाशी झाल्यावर त्याची पंचाईत झाली असावी. आता तज्ज्ञांनी यामागाताला लशीतून काढायला सांगितलंय, आणि चारची लस पुन्हा तीनची होते आहे.